मामीसाठी बनवलेला इन्व्हर्टर

सिद्धगडाखालची वाडी
२ जून २०२४

चि. भागी,

तुला आणि शेखररावांना मामाचा आशीर्वाद.

तुझ्या मामीला कल्याणच्या दवाखान्यातून घरी आणलीय. वाडीवरचा फोनचा टॉवर नुसता उभा हाय, चालू काय झाला नाय, म्हणून हे पत्र. मामी म्हणते तेच बरं. फोनवर भागी सगळ्याला हो हो करते आणि खरं काय ते सांगत नाय, पत्रात तसं जमत नाय. जैतूच्या जीपने पाठवतोय, सरळगावला तो किन्हवलीच्या गाडीत देईल.

डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं सुकत चाललीत. बरं होण्यातला आजार नाय, सांभाळण्यातला हाय. दवाखान्याने वापरायला एक मशीन दिलंय. ते हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं. नाकाला नळी लावली की मामी बसते, बोलते, चुलीपाशी जायचा हट्ट धरते. नळी काढली की ओठ काळे पडतात. सोबत एक सिलिंडर हाय, पण तो लगेच संपतो आणि भरायला मुरबाडला न्यावा लागतो.

मशीन विजेवर चालतं आणि आमच्याकडची वीज तुला ठाऊक हाय. वारा सुटला की गेली. मुरबाडच्या बाजारातून बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर आणला. पंखा चालतो त्याच्यावर, दिवा चालतो. पण हवेचं मशीन लावलं की गुरगुरतं, तापतं, लाल दिवा लावून शिट्टी मारतं आणि बंद होतं. दुकानदार म्हणतो, इन्व्हर्टर चांगला हाय, तुमचं मशीन खराब. दवाखान्यातले म्हणतात मशीन चांगलं हाय. तू आसनगावच्या कारखान्यात हेच काम केलंस, म्हणून तुला विचारतो. खोट कुणात हाय?

मामी विचारते, पोटातलं लाथा मारतं की नाय अजून.

तुझा,
कुंडलिकमामा


किन्हवली
८ जून

मामा आणि मामी, दोघांच्या पाया पडते.

मामीला सांगा, लाथा मारतं. जेवायला बसले की जास्त.

मामा, खोट कुणातच नाही. तारांतून येणारी वीज झोपाळ्यासारखी असते. हळूहळू एका बाजूला वर चढते, उतरते, मग तितकीच दुसऱ्या बाजूला जाते. सेकंदाला पन्नास वेळा. तिला साईन वेव्ह म्हणतात. तुमचा स्वस्तातला इन्व्हर्टर झोका देत नाही, धक्के देतो. एकदम पूर्ण इकडे, एकदम पूर्ण तिकडे. दिव्याला त्याचं काही नसतं. पण हवेच्या मशीनमध्ये मोटर आहे. तिला धक्के सोसत नाहीत, म्हणून ती गुरगुरते आणि तापते.

साईन वेव्ह देणारे इन्व्हर्टर बाजारात मिळतात, पण मी चौकशी केली तर त्या ताकदीचा इथे कुणाकडे शिल्लक नाही, मागवला तर कधी येईल ते कुणी सांगत नाही. पाऊस तोंडावर आहे. मी बनवते. मला येतं ते. एक छोटी चिप तो झोका तयार करते, पण फार अशक्त. तिच्या इशाऱ्यावर चार मोठे स्विच बॅटरीची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये एकदा या बाजूने ढकलतात, एकदा त्या बाजूने. ट्रान्सफॉर्मर ती वाढवून मशीनला लागेल एवढी करतो. कारखान्यातून बाद झालेल्या एका यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे आहे. उचलायला शेखर लागतो, एवढा जड.

आई गेल्यावर मामीने मला पोटाशी घेतलं. तिच्यासाठी काही करायची वेळ मला पहिल्यांदाच मिळतेय, म्हणून मला अडवू नका. शेखर अडवून दमलाय.

भागी


वाडी
३० जून

चि. भागी,

शेखरराव आले, जोडून दिलं, जेवून गेले. ट्रान्सफॉर्मर जीपमधून उतरवताना शेजारचा धाकलू म्हणाला, हा वीज देणार की वरवंटा हाय?

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी वीज गेली. मी मशीनकडे बघत बसलो, मामी माझ्याकडे. शिट्टी नाय, लाल दिवा नाय. वीज गेलीय हे मशीनला कळलंच नाय गो. मामीने नळी लावून डाळ निवडली. म्हणाली, "भागीने श्वास पाठवलाय किन्हवलीहून." नंतर डोळे पुसत होती. मला वाटलं त्रास होतोय, तर म्हणाली, नाय, असंच.

वीज आता बहुतेक दुपारी जाते ती दिवे लावायच्या वेळेला येते. तोवर तुझा इन्व्हर्टर चालतो. सिलिंडर मी जैतूबरोबर मुरबाडला परत पाठवला. घरात तो दिसला की मामीला दवाखाना आठवायचा, आणि आता त्याची गरज नाय.

एक सांगायचं राहिलं. ट्रान्सफॉर्मर घुमतो. पहिल्या दिवशी नव्हता घुमत, आता थोडा घुमतो. मामीला त्या आवाजाने झोप लागते म्हणते. मी आपलं तुला कळवलं.

तुझा,
मामा


किन्हवली
६ जुलै

मामा,

तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की शेखर हसायला लागला.

घुमण्याची काळजी करू नका. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या सैल होतात आणि थरथरतात. चार कोपऱ्यांना चार बोल्ट आहेत, ते पान्याने आवळा. त्याआधी बॅटरीची तार काढा. घरी बल्ब लावून मी तो दिवसदिवस चालवलाय, तेव्हाही बारीक आवाज होताच.

माझं म्हणाल तर रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय, प्रवास अजिबात नाही. बाळ होईपर्यंत मला मामीकडे येता येणार नाही. तिला सांगा, बारशाला तिनेच यायचंय, नळी आणि मशीन आणि सगळं घेऊन. शेखर जीप ठरवेल.

बोल्ट आवळल्यावर आवाज गेला का ते लिहा.

भागी


वाडी
२९ जुलै

चि. भागी,

पत्राला उशीर झाला. पाऊस फार हाय, रस्ता दोन जागी खचलाय, जीप मधेच बंद होती.

बोल्ट आवळले. यंत्र चांगलं चालतंय. मामी बरी हाय.

तू येण्याचा विचार मनात आणू नको. डॉक्टरीणबाई सांगतील तसं वाग. जड उचलू नको, जागरण करू नको, वेळेवर खा.

मामा


किन्हवली
१२ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र एवढंसं का? मामीचा निरोप नाही, आवाज गेला की राहिला ते नाही. मामी रागावली का माझ्यावर? मी येत नाही म्हणून? तिला माझ्या तब्येतीचं नीट समजावून सांगा. शेखरला विचारलं, तू मध्ये ऑफिसच्या कामाला मुरबाडला गेलास तेव्हा वाडीवर का नाही जाऊन आलास, तर तो उठून पाणी भरायला गेला. हल्ली घरातले सगळे माझ्याशी काच सांभाळल्यासारखे वागतात.

बरं, एक चांगली बातमी. माझ्याबरोबर कारखान्यात प्रियांका होती, ती लग्न होऊन कसाऱ्याला आहे. तिचे सासरे, देवरामबाबा, रेल्वेत रुळांच्या कामावर होते. त्यांना मामीसारखाच त्रास आणि मामीसारखंच मशीन. घाटात पावसाने वीज गेली की तिथेही तेच हाल. प्रियांकाने गळ घातली. मी आधी नाही म्हणाले. घरी बल्बवर चालणं वेगळं आणि माणसाच्या जिवासाठी चालणं वेगळं. पण मग विचार केला, मामीकडचा महिन्यावर बिनतक्रार चालतोय, म्हणजे माझं गणित बरोबर आहे. पडल्या पडल्या अगदी तसाच दुसरा जोडला. तीच चिप, तेच स्विच. ट्रान्सफॉर्मरही त्याच जातीचा. परवा प्रियांकाचा नवरा येऊन घेऊन गेला.

पुढच्या पत्रात मामीचे दोन शब्द तिच्या तोंडून ऐकून लिहा, नाहीतर मी खरंच जीप करून येईन.

भागी


कसारा, देवरामबाबांचं घर
१४ ऑगस्ट

भागी,

हे पत्र मी शेखररावांच्या हातात देणार हाय आणि त्यांना सांगणार हाय, बाळ सुखरूप झाल्यावरच तुला द्या. तेव्हा तू हे वाचत असशील तर तुझी सुटका झालेली हाय. आधी पाण्याचा तांब्या जवळ घे.

तुझी मामी गेली गो. जुलैच्या एकोणीस तारखेला, दिवसाउजेडी. शेखररावांना मी सरळगावला जाऊन फोन केला. दहाव्याला ते आले होते, ऑफिसचं काम सांगून. दिवस राहिलेल्या बाईला अशी बातमी सांगत नायत म्हणून आमी दोघांनी ठरवलं.

पण शेखररावांनाही मी अर्धंच सांगितलं. आजाराने गेली एवढंच. खरं असं की त्या दुपारी तुझा इन्व्हर्टर जळला. बोल्ट आवळून आवाज गेला नव्हता. वाढतच होता. त्या दिवशी वीज सकाळपासून नव्हती. यंत्र चालू होतं, आणि मग करपल्याचा वास आला, ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. मी तार ओढून काढली. मामीला हे सगळं दिसत होतं. तिने मला शपथ घातली, भागीला यंत्राचं कधी सांगू नका. म्हणून तुला लिहिलं, यंत्र चांगलं चालतंय. मला वाटलं, गेलेली गेली, निदान पोरीच्या जिवाला घोर नको. एवढ्या खोट्याने कुणाचं काय बिघडतंय.

काल तुझं पत्र आलं. त्यात कसाऱ्याचं वाचलं. माझ्या शब्दावर विसंबून तू दुसरा बनवलास. पत्र लिहून जीपने पाठवलं असतं तर ते कधी पोचणार? फोन करायचा तर कसाऱ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि शेखररावांना यंत्र जळल्याचं ठाऊकच नव्हतं. उजाडताच निघालो. किन्हवलीला गाडी थांबली तेव्हा तुझ्या आळीचं वळण दिसत होतं. मी नाय उतरलो. उतरलो असतो तर तुझ्यासमोर मला खोटं टिकवता आलं नसतं.

कसाऱ्यात विचारत विचारत घर सापडलं. वीज नव्हती. देवरामबाबा खाटेवर, नाकाला नळी, आणि खाली तुझा इन्व्हर्टर घुमत होता. मी चपला न काढता आत गेलो आणि त्याच्यावर हात ठेवला. हात ठेववत नव्हता, एवढा तापला होता. मी म्हणालो बंद करा. प्रियांका मधे आली. तुमी कोण, बाबांना हवा लागते, हात लावू नका म्हणाली. तिचं चुकलं नाय. अनोळखी म्हातारा घरात घुसून श्वास बंद करायला सांगतो, कोण ऐकेल?

मग मला बोलावं लागलं. "माझी बायको याच यंत्रावर होती. हे जळलं आणि ती गेली. मी भागीचा मामा."

मामी गेल्यापासून मी हे कुणापुढे बोललो नव्हतो. तोंडातून निघाल्यावर तिथेच खाली बसलो.

त्यांच्याकडे सिलिंडर भरलेला होता, तो लावला. थोड्या वेळाने वीजही आली. देवरामबाबा ठीक हायत. त्यांनीच मला वही दिली, चहा पाजला आणि म्हणाले, पोरीला सगळं लिहा. तुला आता प्रियांका एवढंच सांगेल की मामा सहज आले होते, यंत्र जास्त तापत होतं म्हणून बंद ठेवलंय. ते खोटं नाय, पण अर्धंच. उरलेलं या पत्रात हाय.

मामा


किन्हवली
२२ सप्टेंबर

मामा,

मुलगी झाली, गणपतीत. बरी आहे. शेखरने काल तुमचं पत्र दिलं.

तुमच्या पाया पडते असं लिहायला हात उचलत नाहीये. मला वाढवलं त्या बाईचा दहावा झाला, तेरावा झाला, आणि मी इथे उशीला टेकून तिला बारशाला आणायच्या जीपचा विचार करत होते. तिच्यावर लटकंच रागावत होते, निरोप का पाठवत नाही म्हणून. पोटुशी होते हे मला कळतं. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठी केलं हेही कळतं. म्हणून तर कुणावर ओरडता येत नाही.

पण यंत्राचं खोटं वेगळं होतं मामा. ते माझ्या भल्याचं नव्हतं. देवरामबाबांना काही झालं असतं तर?

आज सकाळी बाळ झोपल्यावर दोन्ही इन्व्हर्टर उघडले. वाडीवरचा शेखरने परवाच गुपचूप आणून माळ्यावर ठेवला होता. त्याची एक बाजू कोळसा झालीय. कसाऱ्याचा प्रियांकाच्या नवऱ्याने परत आणून दिला होता, तो अजून चालू स्थितीत आहे, त्यामुळे त्यात खोट सापडली. चार स्विचांपैकी एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो आणि तापला की मागे पडतो. मग झोक्याच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत. एकीकडे वीज थोडी जास्त जाते. त्या जास्तीचं चुंबकत्व थोडं थोडं ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात साठत जातं, लोखंड आणखी घेईनासं होतं आणि मग सगळा भार तारांवर येतो. ट्रान्सफॉर्मर तेव्हा घुमतो. तुम्ही मला लिहिलं होतं. पहिल्या दिवशी नव्हता, आता घुमतो, असं स्पष्ट लिहिलं होतं. सैल पट्ट्या पहिल्या दिवसापासून वाजल्या असत्या. मी ते वाचलं आणि बोल्ट आवळा म्हणून कळवलं.

दोन्ही बाजू असमान झाल्या तर यंत्राने आपणहून बंद पडावं, असं काही मी त्यात बसवलंच नव्हतं. बल्बवर चालवून बघितलं आणि खूश झाले. मोटरवर एकदाही नाही.

शेखर म्हणतो, मामी तशीही जाणारच होती. डॉक्टरीणबाई तेच म्हणतात. सगळे एकाच सुरात म्हणतात. तुम्ही म्हणू नका. मला फक्त खरं सांगा. इन्व्हर्टर बंद पडल्यावर ती किती वेळ होती? काय बोलली? आणि तो जळला नसता तर ती वाचली असती का?

तारा जोडायची डागणी पेटीत घालून पेटी खाटेखाली सरकवली आहे. प्रियांकाचा फोन आला होता, मी उचलला नाही.

भाग्यश्री


वाडी
२ ऑक्टोबर

चि. भागी,

आज सर्वपित्री. मामीचं पान ठेवलं आणि लिहायला बसलो. बाळाला माझा आशीर्वाद. तुझा राग मी धरून हाय, तो कमी कर म्हणत नाय.

तू विचारलंस ते सांगतो, जसं झालं तसं.

जेवणं झाली होती तेव्हा इन्व्हर्टर जळला. मी तिला उचलून ओटीवर आणली, वारा लागावा म्हणून. धाकलूला जीप बघायला पाठवलं. तो भिजून परत आला, म्हणाला ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललंय, जैतू पलीकडेच अडकलाय. सिलिंडर मीच परत पाठवलेला. ते तुझ्याकडे नाय, माझ्याकडे हाय. ते तू घेऊ नको.

मी सुपाने वारा घालत बसलो. त्याने ऑक्सिजन मिळत नाय हे मला कळत होतं, पण हात थांबवायचे कसे. पहिल्यांदा ती घाबरली. माझा दंड धरला होता, नखं रुतली. मग तिचं तिला कळलं असावं. म्हणाली, वारा नका घालू, तुमचे हात दुखतील, बसा. मी बसलो. तुझं नाव घेतलं. तेव्हाच शपथ घातली. "तिला यंत्राचं सांगाल तर पोर पुन्हा कशाला हात लावणार नाय," एवढं अडखळत अडखळत म्हणाली. त्यानंतर बोलली नाय. गुरं घरी यायच्या वेळेला गेली. वीज आली तेव्हा ओटीवर माणसं जमली होती.

म्हणजे शपथ मी मोडली आणि तिला भीती होती तेच झालं. पण मोडली नसती तर देवरामबाबा गेले असते. यात बरोबर काय ते मला शेवटपर्यंत ठरवता येणार नाय.

आता तुझा शेवटचा प्रश्न. यंत्र चाललं असतं तर मामी वाचली असती का? मी मुरबाडच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी कदाचित नसती गेली, पण दिवाळी बघितली असती की नाय ते सांगता येत नाय. मला यातून तुला देण्यासारखं काय काढता येत नाय. तुझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाय. तुझा काही संबंध नाय असंही म्हणणार नाय. एकदा तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं आणि त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाह्यलं.

कसाऱ्याहून देवरामबाबांचा निरोप आला होता, जैतूमार्फत. घाटात वीज जायची थांबलेली नाय. सिलिंडर पुरवून पुरवून वापरतात. बाजारातला त्या ताकदीचा अजून मिळाला नाय. त्यांनी विचारलंय, भाग्यश्री तो दुरुस्त करेल का. मी कळवलं, तिला विचारा, मला नको. मी तुला कर म्हणत नाय, नको करू असंही म्हणत नाय. पेटी खाटेखाली हाय तर असू दे.

पण केलास, आणि ती बंद पडायची सोय त्यात बसवलीस, तर शेखररावांना सांग की मला कळवा. मी कसाऱ्याला जाऊन त्याच्याजवळ बसेन. त्याच्यावर हात ठेवून, तापतो का बघत. देवरामबाबा म्हणालेत खाट टाकून देतो. चार दिवस, आठ दिवस, लागतील तेवढे बसेन. तसंही आता घरात कुणाच्या उशाशी बसायचं राह्यलं नाय.

मामा